चौऱ्याऐंशी तुकड्यांतली आई

देवाने माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, हट्ट मात्र एकच दिला. पण तो एक असा भरभक्कम दिला, की डोळे-कान चौघे मिळून ढकलू लागले तरी जागचा हलत नाही. याचा पुरावा हवा असेल तर जुन्या कागदपत्रांच्या त्या कचेरीत जायचं, जिना चढून डावीकडे वळायचं आणि लोखंडी मांडण्यांच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेल्या दप्तरदारांना एवढंच म्हणायचं, की एक कागद जरा बाहेर न्यायचा होता.

दप्तरदार नाही म्हणत नसत. ते नोंदवही उघडत. मग पुढे आपोआपच नाही होत असे.

कचेरीचा एक जुना नियम होता. सांभाळायला आलेल्या वस्तूतून काहीही निघालं, गळलं, फाटलं किंवा उंदराने नेलं, तर त्याची नोंद करायची. काय निघालं, किती निघालं, कुठे ठेवलं, आणि खाली सही. हा नियम कुणी केला ते आता देवालाच ठाऊक. पण पाळला तो एकट्या दप्तरदारांनी, आणि तोही एकतीस वर्षं. कुठल्याशा जुन्या पत्राच्या घडीत झुरळाची मिशी सापडली होती, तीही एका पाकिटात क्रमांक घालून ठेवलेली होती. 'मिशी, एक नग, दुसरी आढळली नाही.'

अशा माणसासमोर चित्रांच्या बाई येऊन बसल्या, यात देवाचीच काहीतरी गंमत असणार.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. कचेरीतल्या जुन्या चित्रांचे, नकाशांचे, फोटोंचे स्कॅन झालेले होते. ते इतके बारीक नजरेने काढलेले, की एकेक फाइल म्हणजे हत्ती. घरी बसलेल्या माणसाने फोनवर ती उघडायला घेतली, तर सोंड आत येईपर्यंत दुपार व्हायची आणि शेपूट यायच्या आत फोन मान टाकायचा. तर हे हत्ती लोकांच्या दारातून सहज आत यावेत, अशी काहीतरी युक्ती करायची, हे बाईंचं काम. बाई चाळिशीच्या, शांत, आणि दिवसातून सहा वेळा चष्मा पुसणाऱ्या. कुणी कितीही वाद घातला तरी त्या आधी चष्मा पुसत, मग उत्तर देत. तोवर निम्मे वाद आपोआप मिटत.

त्या वर्षी बंबखान्याच्या जुन्या पेट्या कचेरीत आल्या. बंबखाना म्हणजे आग विझवणाऱ्यांचं ठाणं. पेटीत काचेवर काढलेला एक फोटो निघाला. ठाण्यासमोर सगळे बंबवाले सहकुटुंब बसलेले: मागे उभी ओळ, मधे खुर्च्यांची ओळ, पुढे जमिनीवर बायकांची ओळ. काचेचा खालचा काठ कधीतरी फुटून गेला होता, त्यामुळे पुढच्या बायका छातीपर्यंतच उरल्या होत्या. काच परत पेटीत गेली, स्कॅन बाईंकडे आला, आणि पेटीवरची 'बंबखाना, सहकुटुंब' ही चिठ्ठी वाचून दप्तरदारांना पाणी प्यावंसं वाटलं.

कारण त्या बायकांतली डावीकडची पहिली त्यांची आई होती.

आई गेली तेव्हा दप्तरदार तीन वर्षांचे होते. तिचा चेहरा त्यांनी पाहिला असणार, पण आठवत नव्हता. त्यांची थोरली बहीण, अक्का, तेव्हा अकरा वर्षांची. तिला आठवत होता. घरात आईचा फोटो म्हणून एकच चीज होती: याच चित्राचं वर्तमानपत्रात कधीतरी छापलेलं कात्रण. त्यात आईचं तोंड मोहरीएवढं, आणि हात लावून लावून तेही पिवळं होऊन गेलेलं. वडील बंबावरच होते. उभा जन्म आगीशी बोलण्यात गेल्यामुळे माणसांशी बोलायला त्यांच्याकडे फारसं उरलं नव्हतं. ते एवढंच सांगून गेले, की खाली बसलेल्यांत डावीकडची पहिली ती तुमची आई. तिच्या खांद्याशी कोण आहे, ते सांगितलं नाही.

आणि त्या खांद्याशी, कात्रणात नीट पाहिलं तर, एक बाळ होतं. कापडात गुंडाळलेलं, गोल डोक्याचं.

ते बाळ म्हणजे आपण, असं अक्का म्हणत. ते बाळ म्हणजे आपण, असं दप्तरदारही म्हणत. हा वाद तीस वर्षं चालला होता. अक्कांचं म्हणणं, आई इतक्या कौतुकाने धरते आहे त्या अर्थी पहिलंच मूल असणार. दप्तरदारांचं म्हणणं, डोकं तुळतुळीत आहे आणि अक्का जन्मतःच अस्वलासारख्या केसाळ होत्या, हे खुद्द बाबांचं वाक्य आहे. दोघं एकमेकांवर जीव टाकत, आणि दर फोनला याच बाळावरून भांडून फोन ठेवत.

अक्का राहायच्या दोन दिवसांच्या प्रवासावर. गुडघे गेलेले, त्यामुळे येणं शक्य नव्हतं. काच सापडल्याचं कळलं त्या दिवशी मात्र त्या भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बाळ्या, आताशा डोळे मिटले की आईचे हात दिसतात, आवाज येतो. तोंड येत नाही रे. कात्रणात बघते तर नुसता डाग आहे." मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात बजावलं, की तू तिथे बसून एकटा बघायचं नाहीस. बघायचं तर दोघांनी एकदम. आधी बघितलंस तर मी मेले समज.

दप्तरदारांनी शपथ घेतली. तेव्हापासून बाईंच्या टेबलावरून जाताना ते तोंडासमोर फाइल धरून जात. दोनदा कपाटावर आपटले, एकदा साहेबांवर. साहेबांनी काय चाललंय विचारलं तेव्हा, शपथ आहे, एवढंच सांगून पुढे गेले.

बाईंना ही हकिकत कळली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि सुचवलं, की तेवढा कोपरा कापून आत्ता तुमच्या अक्कांना पाठवते, दोन मिनिटांचं काम. दप्तरदारांना धक्काच बसला. जे अजून लोकांसाठी खुलं झालेलं नाही ते आपल्या घरच्या माणसाला द्यायचं? उद्या प्रत्येक जण आपापली आई मागायला येईल. कचेरीच्या वाटेने चित्र सगळ्यांना खुलं होईल, तेव्हाच अक्का बघतील. देवाच्या दारीसुद्धा रांग असते.

मग रांग लवकर पुढे सरकवू, असं म्हणून बाईंनी चित्राची एक हलकी प्रत तयार केली. हत्तीचं कोकरू. फोनवर चुटकीसरशी उघडणारं. ही प्रत लोकांसाठी ठेवायची म्हटल्यावर दप्तरदारांची सही हवी. दप्तरदारांनी नोंदवही उघडली.

"बाई, मूळ चित्र किती वजनाचं?"

बाईंनी सांगितलं.

"आणि हे?"

शंभरावा हिस्सा, असं बाई म्हणाल्या.

"म्हणजे नव्व्याण्णव हिस्से तुम्ही काढलेत. ते कुठे ठेवलेत?"

बाईंनी चष्मा पुसला. या वेळी जरा जास्त वेळ पुसला. मग समजावून सांगितलं, की डोळ्याला जे तसंही कळत नाही ते गाळलं. आभाळ सगळं एकसारखं असेल तर प्रत्येक ठिपका वेगळा कशाला सांगायचा. दप्तरदारांनी मन लावून ऐकलं. पटलंही. फक्त गाळलेलं आभाळ कुठल्या पाकिटात आहे तेवढं त्यांना लिहायचं होतं. रकान्यात 'कुठे ठेवलं' असा स्पष्ट प्रश्न आहे, आणि ज्याने झुरळाची मिशी सोडली नाही तो नव्व्याण्णव हिस्से आभाळ कसं सोडणार? झुरळाला काय वाटेल?

त्या दुपारी अक्कांचा फोन आला. कधी दिसणार, असं विचारलं. दप्तरदार म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. अक्कांनी विचारलं, अडवलंय कुणी? दप्तरदारांनी थोडा विचार करून, प्रामाणिकपणे सांगितलं, की मीच.

पुढची चार मिनिटं अक्काच बोलत होत्या. दप्तरदारांनी फोन कानापासून वीतभर लांब धरल्यामुळे बाईंनाही सगळं ऐकू आलं. त्यात एक वाक्य असं होतं, की आईने तुला तीन वर्षं वाढवलं त्याऐवजी एक कपाट पाळलं असतं तर बरं झालं असतं.

बाई घरी जाऊन विचार करत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी एक नवी युक्ती घेऊन आल्या. चित्र हलकं करायचंच नाही. एक ठिपकाही गाळायचा नाही. आहे तसंच ठेवायचं, फक्त त्याचे चौकोनी तुकडे करायचे. आडव्या ओळी सात, प्रत्येक ओळीत तुकडे बारा. वरच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांक एक, आणि पुढे वाचत जातो तसं. बघणाऱ्याच्या फोनवर एकेक तुकडा क्रमाने येतो आणि जागेवर बसतो. कीर्तन करणारे बुवा सगळी कथा एका दमात थोडीच ओततात. एक चरण गायचा, तो पोचला की दुसरा. तसंच हे. सगळे तुकडे जोडले की मूळ चित्र, जसंच्या तसं.

"काही निघत नाही?"

"काही निघत नाही."

दप्तरदारांनी बोटांवर हिशेब केला. बारा साते चौऱ्याऐंशी. चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून तर जीवसुद्धा सुटून शेवटी आपल्या ठिकाणी पोचतो म्हणतात, मग आईला काय अडचण. त्यांनी सही केली. अट एकच घातली, की चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी तुकड्यांची नोंद वहीत ते स्वतः करतील. बाई हो म्हणाल्या. उघडताच आधी पूर्ण चित्र छोटं करून दाखवायची सोय मात्र राहून गेली, कारण छोटं म्हणजे पुन्हा हलकी प्रत, आणि हलकी म्हणजे पुन्हा गाळलेलं आभाळ.

शुक्रवारी बाईंनी सगळं तपासलं. चित्र मोठ्या पडद्यावर झरझर उघडलं, कुठे सांधाही दिसला नाही. दप्तरदार त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभे होते. साहेबांनी सोमवारी सकाळी अकराचा मुहूर्त ठरवला. गावातली चाळीसेक मंडळी बोलावली, कारण खुर्च्यांच्या ओळीत मधोमध बसलेले भरदार मिशांचे बंबप्रमुख हे साहेबांचे आजोबा होते. अक्कांना कळवण्यात आलं, की अकराला फोन हातात धरून बस, आणि त्याआधी कुणाशी बोलून बॅटरी संपवू नकोस.

आता इथवर सगळं सरळ झालं होतं. पण शनिवारी सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी दप्तरदारांना करमत नसे.

ते कचेरीत आले, नोंदवही उघडली, तुकड्यांची यादी समोर घेतली आणि पहिल्याच क्रमांकाला थबकले. क्रमांक एक, वरचा डावा कोपरा. वरचा? त्या कचेरीत दप्तरं नेहमी खालून वर लावत. सगळ्यात जुनं, सगळ्यात जड, ते तळाला. त्यावर पुढचं, त्यावर त्याच्या पुढचं. क्रमांक एक म्हणजे तळ, हे तिथल्या मांडण्यांनाही पाठ होतं. वरून मोजायचं म्हणजे कळसापासून देऊळ बांधायचं. बाई नव्या आहेत, त्यांना कोण सांगणार, अशा मायेने दप्तरदार संगणकाशी बसले आणि चौऱ्याऐंशी तुकड्यांची नावं एकेक करून बदलली. तळाच्या ओळीला एक ते बारा, त्यावरच्या ओळीला तेरा ते चोवीस, असं करत आभाळापर्यंत. सहा तास लागले. जेवायलाही उठले नाहीत. नावं तेवढी वाचली; चित्र एकही उघडलं नाही. शपथ होती.

काम झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि मनात म्हणाले, देवा, सेवा गोड मानून घे.

सोमवारी अकराला सभागृह भरलं. साहेबांनी आजोबांच्या शौर्याविषयी चार शब्द सांगितले, ते पंधरा मिनिटं चालले. मग बाईंनी कळ दाबली. दप्तरदार पडद्याकडे पाठ करून, हातात फोन घेऊन, लोकांकडे तोंड करून उभे होते. त्यामुळे पडद्यावर काय आलं ते त्यांना आधी लोकांच्या तोंडावरच दिसलं.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी मान डावीकडे वाकवली. दुसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी उजवीकडे. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

पडद्यावर सगळ्यात वर, जिथे आभाळ असायला हवं तिथे, बायकांची ओळ देवीदेवतांसारखी हवेत बसली होती. त्यांच्याखाली गुडघ्यांची एक ओळ होती. गुडघ्यांखाली खुर्चीतल्या पुरुषांची डोकी लटकत होती. त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या छात्या, छात्यांखाली आणखी डोकी, मग ठाण्याचं छप्पर, आणि सगळ्यांच्या पायाखाली स्वच्छ, मोकळं आभाळ.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्या आजोबांच्या डोक्यावर त्यांचेच गुडघे आहेत."

बाईंनी चष्मा पुसला. या खेपेला पुसूनही काही फरक पडला नाही. शुक्रवारी तर नीट होतं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर आपोआप दप्तरदारांकडे गेली. दप्तरदार अभिमानाने म्हणाले, की शनिवारी येऊन आपण क्रम कचेरीच्या पद्धतीने लावून घेतला आहे, आभार मानायची गरज नाही.

साहेबांचा चेहरा आजोबांच्या बंबासारखा लाल झाला. आधी हे बंद करा, असं ते म्हणाले. गावासमोर शोभा झाली तेवढी पुरे. बाईंचा हात कळीकडे गेला.

तेवढ्यात दप्तरदारांच्या हातातला फोन वाजला.

त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे अक्का काहीच बोलत नव्हत्या. अक्का बोलत नाहीत असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं, म्हणून दप्तरदार घाबरले. अक्का, अक्का, अशा दोन हाका मारल्या, आणि गडबडीत बोट लागून फोनचा आवाज मोठा झाला. त्यामुळे पुढचं सगळ्या सभागृहाने ऐकलं.

"बाळ्या, आई आली रे."

बाईंचा हात कळीवर तसाच राहिला.

"कशी आहे?" दप्तरदारांनी विचारलं.

"अख्ख्या फोनभर आहे. दुसरं काही आलंच नाहीये अजून, नुसतं तोंड. नाकाच्या डाव्या बाजूला तीळ आहे. मी तीळ विसरले होते, बघ. इतकी वर्षं मला वाटायचं की काहीतरी राहतंय, काहीतरी राहतंय. तीळ राहत होता."

बाईंच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. अक्कांचा फोन जुना, तिकडचं नेट मुंगीच्या पावलाने चालणारं. त्यांच्याकडे एकेकच तुकडा पोचत होता, क्रमांक एकपासून. क्रम बरोबर असता तर अक्कांना अर्धा तास डाव्या कोपऱ्यातलं कोरं आभाळ दिसलं असतं आणि कंटाळून त्यांनी फोन ठेवून दिला असता. दप्तरदारांनी सगळं उलटं केलं, म्हणून तळाचा डावा कोपरा पहिला झाला. आणि तळाच्या डाव्या कोपऱ्यात आई बसली होती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आत्ता बंद केलं तर पुढचा तुकडा त्यांच्याकडे पोचायचा नाही."

साहेबांनी आजोबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग दप्तरदारांच्या पाठीकडे. ती अजून पडद्याकडेच होती. साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, राहू द्या.

अक्कांनी बघितलं म्हणजे आता शपथ फिटली. दप्तरदार वळले. आभाळाच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, एक तरुण बाई किंचित हसत त्यांच्याकडे बघत होती. आपल्यापेक्षा निम्म्याहून कमी वयाची आई पाहून काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी टोपी काढली. मग त्यांची नजर शेजारच्या तुकड्यावर गेली, आणि त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

सभागृहातल्या सगळ्यांनाच तो तुकडा दिसत होता. अक्कांना मात्र नव्हता. बाईंच्या चौकोनाची रेघ आईच्या गालाच्या आणि त्या बाळाच्या बरोबर मधून गेली होती, आणि बाळ क्रमांक दोनमध्ये होतं.

"आता बाळ येईल," अक्का तिकडून म्हणाल्या. आवाजाला पुन्हा धार चढली होती. "आता होऊ दे काय व्हायचं ते. मीच असणार आहे. आईचं तोंड बघ, कशी खूश आहे. पहिलटकरीण आहे, सांगते मी."

दप्तरदारांनी ओठांवर बोट ठेवून सभागृहाकडे पाहिलं. चाळीस माणसांनी माना डोलावल्या.

तुकडा यायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत अक्कांनी तीस वर्षांचा वाद पहिल्यापासून मांडला. आपल्या केसांविषयी बाबांनी काढलेले उद्गार हे विनोदाने होते हे सिद्ध केलं. त्या बाळाचा खांद्यावर मान टाकण्याचा ढंग अगदी आपला आहे आणि आपल्या धाकट्या नातीतही तो उतरलाय, हे सांगितलं. एवढ्या शांत बाळाला बाळ्या म्हणणं कसं अशक्य आहे, कारण बाळ्या तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा रडायचा, हेही सांगितलं. दप्तरदार दर वाक्याला, हो अक्का, म्हणत होते. तीस वर्षांत त्यांनी अक्कांना इतक्यांदा हो म्हटलं नव्हतं. मागच्या ओळीतल्या एका आजींनी पदरात तोंड लपवून हसू दाबलं, आणि साहेब छताकडे बघत स्वतःला चिमटा काढत होते.

मग अक्का बोलता बोलता थांबल्या.

"आलं," त्या म्हणाल्या. "बाळ्या, याला हनुवटीखाली पट्टा आहे."

"हो अक्का."

"आणि वर तुरा आहे. पितळी."

"टोप आहे, अक्का. बंबवाल्यांचा टोप. फडक्यात धरलाय, पुसता पुसता बसली असणार."

अक्कांनी दम घेतला. "मग त्याच्यात मी कुठे आहे?"

"तू नाहीस. मीही नाही. आपण दोघं अजून झालोच नव्हतो, नाहीतर फडक्यात टोप कशाला असता."

तीस वर्षं दोघांनी ज्याच्यावरून फोन आपटले ते बाळ पावशेर पितळेचं निघालं. आता हसावं की रडावं अशा पेचात सगळे असताना साहेब एकदम खुर्चीवरून उठले, पडद्यापाशी गेले आणि छपराच्या वरच्या ओळीत बोट दाखवत म्हणाले, हे बघा, मागे उभे आहेत त्या सगळ्यांच्या डोक्यावर टोप आहे. हा एकटाच बोडका.

तो एकटा बोडका उंच, सडसडीत, कान बाहेर आलेले. तसेच कान दप्तरदारांचेही होते.

"अक्का," दप्तरदार फोनमध्ये म्हणाले, "बाबा बोडके उभे आहेत. टोप आईकडेच राहिलाय."

तिकडून अक्कांचं हसू सुरू झालं. आधी खोकल्यासारखं, मग वाहत्या नळासारखं. आणि ते ऐकून इकडे चाळीस माणसं, एक साहेब, बाई, आणि टोपी हातात धरलेले बोडके दप्तरदार, सगळेच हसायला लागले. पडद्यावरचे बंबप्रमुख आपल्या गुडघ्यांखालून सगळ्यांकडे करड्या नजरेने बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तुकडे पुन्हा जागेवर लावले. साहेबांचे आजोबा गुडघ्यांच्या वर आले, आभाळ आभाळात गेलं. तासाभरात अक्कांचा फोन. आता उघडलं की नुसतं पांढरं दिसतंय, आई कुठे नेलीत?

बाईंनी चष्मा पुसला आणि दप्तरदारांपुढे हलक्या प्रतीचा कागद पुन्हा ठेवला. म्हणाल्या, हे कोकरू आधी उघडू दे, म्हणजे कुणालाही सगळे एकदम दिसतील, आणि ज्याला ज्याची आई हवी तो तिच्यावर बोट ठेवेल. तेवढाच तुकडा मोठा होऊन येईल.

दप्तरदार म्हणाले, "बाई, ते कात्रण म्हणजे हलकी प्रतच होती. तिच्यात टोपाचं बाळ झालं. बघा, गाळलं की काय होतं ते."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण ती नसती तर खाली बसलेली डावीकडची पहिली कोण, हे बाबांनी तुम्हाला कशावर बोट ठेवून सांगितलं असतं?"

यावर दप्तरदार बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मग त्यांनी नोंदवही जवळ ओढली. काय निघालं: आभाळ व इतर. किती निघालं: नव्व्याण्णव हिस्से. कुठे ठेवलं, या रकान्यापाशी मात्र हात थांबला. त्यांनी मांडणीकडे पाहिलं, तळाशी ठेवलेल्या काचेच्या पेटीकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मूळ प्रतीतच आहे. कुठे गेलं नाही.' खाली सही केली.

संध्याकाळी अक्कांनी पुन्हा फोन केला. चित्र झटकन उघडलं, आईवर बोट ठेवलं, आई आली, सगळं छान. फक्त एक सांगायचं होतं. टोप आईने डाव्या खांद्याशी धरलाय, एक हात खालून आणि एक हात मागून. मला ती अगदी तशीच धरायची. म्हणजे तो सराव चालला होता, आणि सराव काही तुझ्यासाठी नव्हता, कारण पुढचा नंबर माझा होता.

दप्तरदारांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, टोपाला केस नाहीत."

अक्कांनी फोन आपटला. दप्तरदारांनी आपला खाली ठेवला, घड्याळात बघितलं, आणि त्या परत फोन करतील म्हणून तिथेच बसून राहिले.